एकाच कांडीचे मणी वेगवेगळ्या रंगांचे का होतात? रंग बदलणारी काच, टॉर्च आणि भट्टी

पेडणे तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या घरी छोट्या टॉर्चवर (गॅस आणि ऑक्सिजनच्या ज्योतीच्या बर्नरवर) काचेचे मणी करतात आणि टेबलावर मावेल एवढ्या विजेच्या भट्टीत लहान वाट्या, पेंडंट फ्यूज करतात, म्हणजे काचेचे थर वितळवून एकमेकांत जोडतात. लाल म्हणून घेतलेली काचेची कांडी ज्योतीत धरली की पिवळट आणि पारदर्शक होते. तिचे काही मणी शेवटी लाल येतात, काही विटकरी-तपकिरी. गुलाबी शीटची वाटी एकदा गडद, सुंदर आली, तर दुसऱ्यांदा त्याच शीटची जवळजवळ पांढरी राहिली. चांदी असलेल्या महागड्या कांडीचे मोरपंखी मणी एकासारखा दुसरा होत नाहीत. आणि एक जांभळट कांडी दिवसा जांभळी, रात्री ट्यूबलाइटखाली निळसर राखाडी दिसते. चवथीनंतर एका लग्नासाठी एकसारख्या रंगाचा सेट द्यायचा आहे. त्या विचारतात, भट्टी बिघडली आहे की काच खोटी आहे?

तुमचं वर्णन वाचून मला वाटतं, दोन्ही नाही. मी डिचोलीत अनेक वर्षं टॉर्च आणि भट्टी दोन्हींवर काम करते आणि शिकायला येणाऱ्यांकडून हीच तक्रार सगळ्यात जास्त ऐकते. नेमकं कारण कांडी कुठल्या कंपनीची, टॉर्च किती मोठा, ऑक्सिजन सिलिंडरचा की मशीनचा, मणी किती जाड, यावर ठरेल. ते समोर पाहिल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही. पण तुम्ही सांगितलेल्या चार गोष्टी चार वेगळ्या कारणांनी घडतात. त्या एकत्र धरल्या म्हणून गोंधळ झाला आहे. आधी त्या सुट्या करू.

साध्या निळ्या किंवा हिरव्या काचेत कोबाल्ट, क्रोमियमसारखे धातू विरघळलेले असतात. ती काच तापवा, थंड करा, रंग तोच राहतो. तुमची लाल, गुलाबी आणि चांदीची काच या जातीची नाही. तिच्यात रंग तयार नसतो, रंग होण्याची सामग्री असते. गुलाबीत सोनं, मोरपंखीत चांदी, लाल-नारिंगीत बहुधा कॅडमियम आणि सेलेनियम. काच खूप तापली की ही सामग्री पूर्ण विरघळते आणि काच फिकी दिसते. नंतर योग्य तापमानात ठेवली की तिचे अतिसूक्ष्म कण जमतात आणि त्या कणांमुळे रंग दिसतो. याला आपण स्ट्राइक होणं म्हणतो. कण किती झाले आणि किती मोठे झाले यावर रंग ठरतो. म्हणून तुमच्या हातात असलेला मण्याचा रंग म्हणजे तो मणी किती तापला, किती निवला आणि पुन्हा किती वेळ तापला याची नोंद आहे. ही एक गोष्ट पटली की पुढचं सगळं सोपं होतं.

यात दोन टप्पे आहेत आणि लोक नेहमी पहिला विसरतात. कणांचं बीज धरतं ते काच निवताना. बीज वाढतं ते पुन्हा तापवताना. तूप कढवून लगेच गार पाण्यात ठेवलं तर गुळगुळीत थिजतं, सावकाश निवू दिलं तर रवाळ होतं, तसंच काहीसं. बीजच धरलं नसेल तर नंतर कितीही तापवा, रंग नीट भरत नाही. बीज भरपूर धरलं आणि वाढ जास्त झाली तर रंग विटतो, तपकिरी होतो, गढूळ दिसतो.

सोन्याच्या लाल काचेचा इतिहास याच अडचणीचा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीला योहान कुंकेल जर्मनीत पोट्सडॅमला सोन्याची माणकासारखी काच करत होता. पण ती लाल का होते हे त्या काळी कुणाला ठाऊक नव्हतं. १८५७ मध्ये मायकेल फॅरडेने सोन्याच्या बारीक कणांमुळे द्रव लाल दिसतो हे दाखवलं. पुढे रिचर्ड झिग्मोंडी यांनी या लाल काचेवर काम करतानाच असे कण पाहता येतील असं सूक्ष्मदर्शक तयार करायला हातभार लावला आणि १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. ब्रिटिश म्युझियममधला चौथ्या शतकातला रोमन लायकर्गस चषक समोरून हिरवा आणि आत दिवा ठेवला की लाल दिसतो, तोही काचेतल्या सोन्या-चांदीच्या कणांमुळेच. हे सांगते कारण तुमची काच खोटी नाही, ती पूर्वीपासून अशीच वागत आली आहे.

आता तुमच्या लाल कांडीबद्दल. ज्योतीत ती पिवळट पारदर्शक होणं हे बरोबर लक्षण आहे. तिथे घाबरून मणी लगेच संपवू नका. मण्याला आकार द्या, सगळा मणी एकसारखा गोल आणि चकचकीत होईपर्यंत वितळवा. मग ज्योतीबाहेर काढा आणि मँड्रेल (ज्यावर मणी गुंडाळतो ती धातूची सळई) फिरवत राहा. लालसर उजेड पूर्ण गेला की अजून थोडं थांबा. मग ज्योतीच्या टोकाकडे, टॉर्चपासून लांब, जिथे ज्योत मऊ असते तिथे मणी फिरवत परत आणा. पिवळ्यातून नारिंगी, नारिंगीतून लाल असा रंग चढताना दिसेल. हवा तो लाल आला की थांबा. इथेच बहुतेकांचा हात पुढे जातो, अजून थोडा लाल हवा म्हणून, आणि मणी विटकरी होतो.

तपकिरी मण्यांमागे दोन वेगळी कारणं असू शकतात, ती ओळखायला शिका. रंग मण्याच्या आतपर्यंत तपकिरी असेल तर तो जास्त स्ट्राइक झाला आहे. मणी अजून मँड्रेलवर गरम असेल तर तो खूप तापवून पुन्हा पारदर्शक करता येतो आणि नव्याने सुरुवात करता येते. पण नुसता वरचा थर राखाडी-तपकिरी असेल तर तुमची ज्योत गॅसने भरलेली आहे, ऑक्सिजन कमी पडतो आहे. ज्योतीच्या मुळाशी असलेल्या निळ्या सुळक्यांकडे बघा. ते छोटे, टोकदार आणि स्पष्ट असायला हवेत. लांब, पिवळसर आणि गुबगुबीत झाले असतील तर गॅस कमी करा.

ऑक्सिजन मशीनवर काम करत असाल तर गोव्यातल्या पावसाळ्याचा विचार करा. या मशीनमध्ये झिओलाइटचे दाणे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. दमट हवेने ते दाणे खराब होतात आणि मशीन बाहेरून सुरळीत चालू दिसलं तरी ऑक्सिजनची शुद्धता घसरते. उन्हाळ्यात नीट येणारा लाल आषाढात तपकिरी यायला लागला, तर मी आधी कांडीवर नव्हे, मशीनवर संशय घेते. खोली कोरडी ठेवा, मशीनचे फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून बसवा. मशीन भिंतीला चिकटवून किंवा ओल आलेल्या कोपऱ्यात ठेवू नका. शुद्धतेचा दिवा लागत असेल तर तो लागला आहे की नाही हे रोज बघा.

छताचा पंखाही रंग बिघडवतो. आपल्याकडे त्या उकाड्यात पंखा बंद करायला कुणाचं मन होत नाही, पण वरून येणाऱ्या हवेने मणी एका बाजूने लवकर निवतो आणि त्या बाजूला बीज वेगळं धरतं. अर्धा लाल, अर्धा नारिंगी मणी आला की पंख्याकडे बघायचं. पंखा बंद म्हणून खोली बंद करायची असं मात्र नाही. टॉर्चच्या मागे धूर ओढून बाहेर टाकणारा एक्झॉस्ट हवा आणि तुमच्या पाठीमागून ताजी हवा आत यायला वाट हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडर तळघरात किंवा खोलगट जागेत नको. ऑक्सिजनच्या नळीला, रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका.

चांदीच्या कांडीची पद्धत तीच, फक्त जास्त नाजूक. तिच्यात दोन वेगळ्या क्रिया होतात आणि अनेक जण त्या एकाच वेळी करायला जातात. एक स्ट्राइक, जो काचेच्या आत होतो. दुसरी रिडक्शन, म्हणजे गॅस वाढवलेल्या ज्योतीत पृष्ठभागावर चांदीचा पातळ आरशासारखा थर येणं. रिडक्शन झालं की आतला रंग झाकला जातो. मोरपंखी रंग हवा असेल तर आधी ऑक्सिजन भरपूर असलेल्या ज्योतीत मणी पूर्ण वितळवा, निवू द्या, मग मऊ ज्योतीत थोडा थोडा परत तापवा. बहुतेक अशा काचेत आधी मधासारखा पिवळा येतो, मग तांबूस, मग जांभळा आणि निळा, कधी हिरवा. त्यापुढे गेलं की दुधट खाकी. प्रत्येक वेळी मणी ज्योतीबाहेर काढून, चष्मा क्षणभर वर करून खिडकीच्या उजेडात बघा. आपला टॉर्चचा चष्मा पिवळा उजेड कापतो, त्यातून मण्याचा खरा रंग कळत नाही.

या चष्म्यातच तुमच्या जांभळट कांडीचं उत्तर आहे. ज्योतीत काच धरली की सोडियमचा पिवळा झगझगाट येतो, तो कापायला या चष्म्याच्या काचेत निओडिमियम असतं. तुमच्या कांडीतही बहुधा तेच आहे. निओडिमियम पिवळ्या उजेडाचा एक अरुंद पट्टा शोषतं. सूर्यप्रकाशात किंवा जुन्या बल्बखाली बाकीचे सगळे रंग असल्यामुळे काच जांभळट-गुलाबी दिसते. ट्यूबलाइट आणि सीएफएलच्या उजेडात ठरावीक रंगांच्याच पट्ट्या असतात, म्हणून ती निळसर दिसते. टॉर्चवर तुम्ही काहीही केलं तरी हे बदलणार नाही. तुम्हाला कुणी फसवलेलं नाही. उलट या कांडीचे मणी एकसारखे करणं सगळ्यात सोपं आहे. गिऱ्हाइकाला मात्र दोन्ही उजेडांत दाखवूनच विका.

आता भट्टीतली गुलाबी वाटी. टॉर्चवर आपण तापमानाचे मालक असतो आणि वेळ हातात नसतो. भट्टीत वेळ मिळतो, पण तो तुम्ही प्रोग्राममध्ये मागितला तरच. सोन्याची गुलाबी शीट बहुतेकदा फिकी, जवळजवळ रंगहीन मिळते आणि पहिल्या फायरिंगमध्ये, म्हणजे भट्टीत पहिल्यांदा तापवताना, स्ट्राइक होते. काच बनवणारी बुल्सआय कंपनी आपल्या सोनं असलेल्या शीटसाठी ६६३ अंश सेल्सिअसला दोन तास थांबायला सांगते. ते थांबणं टाळून भट्टी सरळ ८०० च्या वर नेली तर काच फ्यूज होते, पण रंग भरत नाही.

तुम्ही लिहिलं आहे की चांगली वाटी संध्याकाळी लावली होती आणि फिकी दुपारी. मला वाटतं कारण यातच आहे. आपल्या गावांत संध्याकाळी व्होल्टेज पडतं. भट्टीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० चं १९० झालं तर भट्टीला जेमतेम ६८ टक्के ताकद मिळते. त्या संध्याकाळी तुमची भट्टी रखडत चढली असणार आणि शीटला ६०० ते ७०० अंशांच्या पट्ट्यात आपोआप भरपूर वेळ मिळाला असणार. दुपारी पूर्ण व्होल्टेज होतं, छोटी भट्टी झपाट्याने चढली आणि तो पट्टा पटकन ओलांडून गेली. म्हणजे वीज कमी होती तेव्हा काम चांगलं झालं. हा योगायोग तुम्ही प्रोग्राममध्ये मुद्दाम घालायचा आहे.

९० सीओईच्या (सीओई म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरते याचा आकडा) काचेच्या दोन थरांच्या, साधारण ६ मिलिमीटर जाड कामासाठी मी असं लावते. तासाला २०० अंशांनी ६६३ पर्यंत, तिथे दोन तास. मग तासाला ३३० ने ८०४ पर्यंत, तिथे दहा मिनिटं. मग शक्य तितक्या लवकर ४८२ पर्यंत, तिथे एक तास अनिलिंग, म्हणजे काचेतला ताण निघावा म्हणून थांबणं. नंतर तासाला ८० अंशांनी ३७० पर्यंत, आणि पुढे भट्टी बंद, दार बंद. वाटीचा आकार द्यायला ही चकती साच्यावर पुन्हा तापवावी लागते, त्यात गुलाबी अजून थोडी गडद होते. म्हणून सपाट चकती किंचित फिकी वाटली तर घाई करू नका. भट्टीचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) एकाच जागेचं तापमान सांगतो. दाराजवळची जागा बहुतेक भट्ट्यांत थंड असते. शीटचे बोटभर तुकडे चारही कोपऱ्यांत आणि मध्ये ठेवून एकदा हाच प्रोग्राम चालवा, कुठे किती गुलाबी आली ते बघा. त्या तुकड्यांवर जागा आणि तारीख लिहून ठेवा. माझ्या भिंतीवर अशा तुकड्यांची फळी आहे आणि कुठल्याही तक्त्यापेक्षा मी तिच्यावर जास्त विसंबते.

फायरिंग चालू असताना वीज गेली तर दार उघडू नका. ८०० कडे चढताना गेली असेल तर थंड झाल्यावर पुन्हा सगळं लावता येतं, रंग थोडा वेगळा येईल एवढंच. अनिलिंगच्या वेळी गेली असेल तर दुसऱ्या दिवशी सावकाश ४८२ ला नेऊन अनिलिंग परत करा. त्याने रंगाला फारसा धक्का लागत नाही, पण काच वाचते.

मण्यांच्या बाबतीत भट्टीची एक बाजू सहसा लक्षात येत नाही. १०४ सीओईचे मणी आपण टॉर्चवरून थेट ५१० अंशांच्या आसपास असलेल्या भट्टीत ठेवतो आणि दिवसभर एकेक घालत जातो. सकाळचा पहिला मणी तिथे दिवसभर शिजतो, शेवटचा तासभर. काही चांदीच्या आणि लाल कांड्या त्या तापमानालाही हळूहळू पुढे सरकतात. म्हणून पहिले मणी गडद आणि शेवटचे फिके, असं एकाच दिवशीच्या कामात होतं. तुमच्या मोरपंखी मण्यांमधल्या फरकाचं निम्मं कारण इथे असेल असा माझा अंदाज आहे. सकाळी साधे, रंग न बदलणारे मणी करा आणि स्ट्राइकवाले शेवटच्या दीड-दोन तासांत. कांडी बोरोसिलिकेटची (जास्त उष्णता सोसणाऱ्या, कमी प्रसरणाऱ्या काचेची) असेल तर हिशेब वेगळा. तिचं अनिलिंग ५६५ अंशांच्या आसपास होतं आणि तिच्यातले चांदीचे रंग भट्टीत मुद्दाम थांबवून पिकवले जातात.

वाटीत पिवळी शीट आणि फिरोजी शीट शेजारी लावणार असाल तर एक सूचना. पिवळ्या-नारिंगी कॅडमियमच्या काचेत गंधक असतं, फिरोजीत तांबं. दोन्ही भिडतात तिथे गडद तपकिरी रेघ उमटते. आवडली तर नक्षी म्हणून वापरा, नको असेल तर मध्ये साध्या काचेची पट्टी घाला.

दुसरं, फिरोजाबाद किंवा पुर्दिलनगरकडच्या स्वस्त कांड्या या काचेत मिसळण्याआधी त्या जुळतात का ते बघा. दोन्ही काचा शेजारी-शेजारी जोडून एक बारीक तार ओढा आणि थंड होऊ द्या. तार सरळ राहिली तर बरं लक्षण. धनुष्यासारखी वाकली तर त्या काचांचं आकुंचन वेगळं आहे आणि मणी आज नाही तर दोन महिन्यांनी तडकेल. हे अगदी पक्कं परीक्षण नाही, पण उघड विसंगती लगेच पकडतं.

लग्नाच्या सेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मोरपंखी चांदीच्या मण्यांचा पूर्ण सेट एकसारखा करण्याचं वचन देऊ नका. ते काम अनुभवी हातालाही अवघड आहे, कारण प्रत्येक मणी वेगळ्या क्षणी निवतो. त्यातला एकच मोठा मणी किंवा पेंडंट मध्यभागी ठेवा, तिथे त्याचं वेगळेपण शोभून दिसतं. कानातले आणि बाकीचे तुकडे सोन्याच्या गुलाबी काचेचे करा. एकाच शीटमधून कापलेले, एकाच फायरिंगमध्ये, भट्टीच्या मधल्या भागात ठेवलेले. हवेत त्यापेक्षा निदान दीडपट करा आणि सकाळच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर, जुळणारे निवडा. लागणाऱ्या सगळ्या शीट आणि कांड्या आत्ताच, एकाच बॅचच्या घेऊन ठेवा. पुढच्या बॅचमध्ये तोच क्रमांक असला तरी छटा हलते. आणि वधूकडच्यांना आगाऊ रक्कम मागण्याआधी गुलाबीचे दोन तुकडे दाखवा, एक सगळ्यात फिका, एक सगळ्यात गडद. यांच्या मधला कुठलाही चालेल, असं त्यांच्याकडून वदवून घ्या आणि बिलावर लिहून ठेवा.